गाऱ्हाण्याचं दुकान

आमच्या रत्नागिरीत औषधाचं एक दुकान असं होतं, की तिथे नुसतं ‘हो’ म्हणून चालत नसे.

दुकान बाजाराच्या टोकाला, जांभ्याच्या दोन पायऱ्या चढून वर. मालक, नोकर आणि फार्मासिस्ट मिळून एकच गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणायचे. काका चिठ्ठी वाचत, औषध काढून काउंटरवर ठेवत, त्याच्यावर हाताचा पंजा दाबून ठेवत आणि ते कसं घ्यायचं ते सांगत. गिऱ्हाईक म्हणे, “हो, कळलं.” पंजा हलत नसे. “काय कळलं ते सांगा.” मग तो माणूस वकील असो की भाट्याची मासेवाली, त्यानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. चुकला की काका पहिल्यापासून सुरू. मागे माणसं खोळंबत, कुणी पुटपुटत शिव्या घाली, कुणी पाय आपटत पलीकडच्या दुकानात जाई. काका ढिम्म.

टवाळ मंडळींनी याला गाऱ्हाणं असं नाव ठेवलं होतं. आमच्याकडे देवळात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं त्याच्या वाक्यावाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. पुष्कळदा तो काय म्हणाला ते न ऐकताच म्हणतात. एकदा एक रिक्षावाला मुद्दाम तीन मित्रांना घेऊन आला. काकांनी म्हटलं, ही गोळी जेवल्यावर. चौघे एका सुरात, “व्हय महाराजा.” ही झोपताना. “व्हय महाराजा.” सगळा नाका हसत होता. काकांनी गोळ्या उचलून परत कपाटात ठेवल्या.

“आता देवळात जा,” ते म्हणाले. “तिथे प्रसाद मिळेल. तो कसाही खाल्ला तरी चालतो.”

रिक्षावाला थोड्या वेळानं एकटाच परत आला आणि मुकाट्यानं सगळं म्हणून दाखवून गोळ्या घेऊन गेला.

मी काकांकडे पोचलो तो पत्रकांमुळे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील छापखान्यात होते आणि संप, मोर्चे, सभा यांची पत्रकं छापून झाल्यावर उरलेली घरी आणत. मी त्यांच्यावरच वाचायला शिकलो. कॉलेजात गेल्यावर आम्ही काही मुलांनी टॉनिकांविरुद्ध पत्रक काढलं आणि औषधांच्या दुकानांसमोर वाटत सुटलो. बाकीच्या दुकानदारांनी हाकललं. काकांनी आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, पत्रक वाचायला लावलं आणि मग ते काढून घेऊन त्याच्यावर पंजा ठेवला.

“आता न बघता सांग. पलीकडे ती बाई उभी आहे ना, तिला कळेल असं.”

मला ‘भांडवली नफेखोरी’च्या पुढे काही सुचेना. ती बाई म्हणाली, “पोरगा बोलतोय बरा, पण पोराला टॉनिक देव की नको ता सांगत नाय.” काकांनी तिला सांगितलं की टॉनिक नको, शेंगदाणे दे, ते शेजारच्या दुकानात मिळतात. त्या दिवसापासून मी रोज तिथे जाऊ लागलो. माझी भाषा जी काही सुधारली ती त्या स्टुलावर.

त्यांच्या तऱ्हा पुष्कळ. गोळ्यांची पट्टी शिंप्याच्या मोठ्या कात्रीनं कापत आणि अशी कापत, की मुदतीची तारीख शेवटच्या गोळीपर्यंत पट्टीवर राहावी. वैशाखातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा. कोपरावरचा घाम औषधावर पडू नये म्हणून. आणि ‘वरून’ हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी गप्पा मारता मारता म्हणालं, भात आणि वरून आमटी, तर ते मध्येच थांबवत. “भातावर आमटी म्हणा.” आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटायचा. मग एकदा काकूंनी मला त्याचं कारण सांगितलं.

काका तरुणपणी खेड्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. नवरा मुंबईला, गिरणीत. काकांनी तिला पुड्या दिल्या आणि मुलाच्या छातीला चोळायच्या औषधाची बाटली दिली. गर्दी होती. ते म्हणाले, “पुड्या पोटात आणि हे वरून.” बाई म्हणाली, “हो.” घरी जाऊन तिनं मुलाला पुडी चाटवली आणि आपण गोळीवर वरून पाणी पितो तसं ते चोळायचं औषध वरून पाजलं. मूल गेलं. कुणी काकांना दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले, अडाणी बाई. काका नोकरी सोडून निघाले, पुढे शिकले, परीक्षा देऊन रजिस्टर्ड फार्मासिस्ट झाले आणि त्यांनी दुकान काढलं. पण अडाणी हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा लोकांना जास्त जाचे. काका जेवायला, आंघोळीला, अगदी परसात गेले तरी दुकानाला कडी. घर दुकानाच्या मागेच होतं आणि काकूंना सगळी कपाटं पाठ होती, पण काकूंनी डोकेदुखीची गोळीसुद्धा द्यायची नाही.

“मी काय विष देणार आहे?” काकू विचारत.

“तू नाही देणार गं. पण पुढच्या दुकानातला देईल आणि म्हणेल, त्यांची बायको नाही का देत?”

आता इथे कायद्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण काकांचं सगळं आयुष्य कायद्याच्या एका वाक्यावर उभं होतं. औषध विकायचं ते रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या डोळ्यांदेखत. सरकारच्या कायद्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण हे वाक्य गरिबाच्या बाजूचं आहे. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती वाचणारा एक शिकलेला माणूस दुकानात हजर असला पाहिजे, एवढंच ते म्हणतं. आणि आम्ही त्या वाक्याचं काय केलं? त्या माणसाच्या जागी भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट टांगलं. माणूस दुसरीकडेच नोकरीला, शाळेत नाहीतर मुंबईत, आणि इथे दुकानात काचेमागे त्याचं नाव. धंद्यात याला ‘नाव लावणं’ म्हणत. अमक्या दुकानाला तमक्याचं नाव लावलंय, असं लोक सहज बोलत. काकांनी अशा एका दुकानाची तक्रार केली, स्वतःच्या सहीनं. ते दुकान काही दिवस बंद राहिलं आणि त्यानंतर बाजारातले दुकानदार काकांशी बोलेनासे झाले. गिऱ्हाइकंही म्हणाली, म्हाताऱ्याला कुणाचं बरं बघवत नाही.

अशा माणसाकडे एक दिवस तांडेल आला.

तांडेल पावसच्या पुढच्या एका गावचा. जन्मभर बोटीवर काढून नुकताच घरी आलेला, उंच, सावळा, मोठ्यानं बोलणारा. बोटीवरच्या हुद्द्यावरून सगळे त्याला तांडेल म्हणत. त्याच्या बायकोला दमा होता. गावात औषधाचं दुकान नाही. एकदा तिला दम लागला तेव्हा गोळ्या संपलेल्या आणि शेवटची एसटी गेलेली. तो चालत पावसपर्यंत आला, तिथून कुणाच्या तरी टेम्पोनं रत्नागिरीला. ती वाचली, पण तांडेलानं मनावर घेतलं, की गावात दुकान काढायचं. जागा त्याची, भांडवल त्याचं. फक्त फार्मासिस्ट नव्हता.

“काका, तुमी काय येऊन बसू नका,” तो म्हणाला. “तुमचा कागद तेवढा भिंतीला लावूया. सगल्या दुकानांत तसाच चाललाय.”

“कागद तुझ्या गावच्या बाईला विचारणार आहे का, काय कळलं म्हणून?”

“मी इचारीन की.”

“तू काय विचारशील, तुलाच मी विचारायला पाहिजे.”

तांडेल चिडला. म्हणाला, तुमच्या नियमापायी उद्या बायको मेली तर? काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हो म्हणतात. पण ते म्हणाले, “तुझी मुलगी बारावी झाली ना? सायन्स घेऊन?”

तांडेलाची मुलगी रत्नागिरीतच गोगट्यांच्या बागेजवळ मावशीकडे राहून शिकली होती. काकांनी तिला फार्मसीच्या दोन वर्षांच्या कोर्साला घाटावर पाठवायचं डोक्यात घेतलं. तांडेलाची बायको म्हणाली, पोरीला घाटावर कोण पाठवतं. काका भाट्याचा पूल ओलांडून एसटीनं त्यांच्या गावी गेले, दुकानाला दिवसभर कडी घालून, आणि तिच्या ओटीवर बसून तिला पटवून आले. तुझ्याच गोळ्या तुझी मुलगी देईल, एवढं एकच वाक्य ते तिथे पुन्हा पुन्हा म्हणाले असं तांडेल सांगायचा.

मुलगी शिकली, पास झाली आणि उमेदवारीचे महिने काढायला काकांच्या दुकानात आली. ते महिने मला आठवतात तसं दुकान पुन्हा कधी मी पाहिलं नाही. काका विचारत, “काय कळलं ते सांगा,” आणि माणूस परीक्षेला बसल्यासारखा घाबरे. ती विचारी, “वहिनी, घरी गेल्यावर सासू म्हणेल, काय दिलंन गो त्या म्हाताऱ्यानं? तिला काय सांगशील?” की बाई हसत हसत सगळं सांगून टाकी, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, पथ्य, वर सासूची नक्कलसुद्धा. काका पाठमोरे होऊन कपाटात काहीतरी शोधत राहत. ते हसताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळे. थोड्या दिवसांनी मी काकांना एका म्हाताऱ्याला विचारताना ऐकलं, “घरी सून विचारील, काय दिलंन म्हणून, तर काय सांगाल?”

“मास्तरांची कॉपी करताय काका,” ती म्हणाली.

“शिंचे, तू मास्तर का?” पण ते खूश होते.

तिकडे गावात तांडेलानं रस्त्याला लागून चिऱ्याची खोली बांधली. फ्रिज आणला, कपाटं केली. मुलीचं रजिस्ट्रेशन झालं. आता फक्त लायसन्सचा अर्ज करायचा होता, आणि तेवढ्यात तिला स्थळ आलं.

स्थळ संगमेश्वरचं. मुलगा मुंबईत नोकरीला, वडिलांचं हायवेवर औषधाचं मोठं दुकान. तांडेलाला आभाळ ठेंगणं झालं. औषधवाल्याचंच घर, पोरीचं शिक्षण वाया जायचं नाही. गावचं दुकान मागाहून बघू, सासरचेच शाखा काढतील असं ते लोक म्हणाले होते. लग्नात काकांनी तिला शिंप्याची नवी कात्री दिली. लग्नात कुणी कात्री देतं का म्हणून काकू आठवडाभर बोलत होत्या.

गावात काही दुकान निघालं नाही. चिऱ्याच्या खोलीत नारळ भरले. मग एका पावसाळ्यात बायकोला दोनदा दम लागला आणि तांडेल घर, माडांची वाडी भावाच्या ताब्यात देऊन रत्नागिरीत राहायला आला. काकांनीच त्यांना दुकानामागची खोली दिली. गावाकडे औषध जाणार होतं, त्याऐवजी गावातलं माणूस उठून औषधाकडे आलं.

पुढच्या वर्षी काका कुणाच्या तरी समाचाराला देवरुखकडे निघाले होते. संगमेश्वरला गाडी बदलायची होती. वेळ होता म्हणून ते तांडेलाच्या मुलीच्या सासरचं दुकान बघायला गेले. ते मला हे सांगत होते तेव्हा नेहमीसारखे सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. काउंटरवर एक माणूस. त्याच्यामागे भिंतीवर सर्टिफिकेट, त्यावर तिचं माहेरचं नाव.

“मी विचारलं, या बाई कुठे आहेत? म्हणाला, मुंबईला असतात. म्हटलं, मग औषध कोण देतं? म्हणाला, मी देतो की. पाहिजे का तुम्हाला?”

ती लग्नानंतर महिन्याभरात मुंबईला नवऱ्याकडे गेली होती. तिनं नवऱ्याचं नाव लावलं आणि सासऱ्याच्या दुकानानं तिचं.

मी पेटलो. या लोकांना सून नकोच होती, सर्टिफिकेट हवं होतं, असं मी ओरडलो आणि काकू म्हणाल्या, हळू बोल, तांडेल मागच्या खोलीत आहे. दुसऱ्या दिवशी मी पत्रकाचा मसुदा लिहून नेला. काकांनी तो शांतपणे ऐकला.

“तिचं नाव कितव्या ओळीत आहे?”

“तिसऱ्या.”

“ते काढ.”

“मग पत्रकात उरतं काय?”

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले.

तक्रार गेली तर कारवाई दुकानावर होणार, तशी तिच्यावरही होणार. रजिस्टरमधून तिचं नाव जाऊ शकत होतं. मी म्हटलं, तुम्ही त्या दुसऱ्या दुकानाची केली होतीत ना? ते म्हणाले, “केली होती.” आणि उठून आत गेले. अर्थात बाहेर कडी घालून.

मे महिन्यात ती माहेरी आली, म्हणजे काकांच्या मागच्या खोलीत. दुकानात येऊन पाया पडली. मी स्टुलावर होतो. मला वाटलं होतं, काका तिला झोडपतील. त्यांनी फक्त विचारलं, “तुझ्या नावावर रोज औषधं जातात. आज सकाळी कुणाला काय दिलंस?”

ती काउंटरच्या कडेवरून बोट फिरवू लागली.

“काका, सर्टिफिकेट काढून द्या म्हटलं तर ते म्हणतील, मग तू इथेच राहा आणि दुकानात बस. हे मुंबईला, मी संगमेश्वरला. आणि माहेरी पाठवलंनी तर आईला पुन्हा दम लागेल. तुम्ही सांगा, मी काय करू?”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक म्हातारी, हातात चिठ्ठी. काकांनी ती चिठ्ठी तांडेलाच्या मुलीपुढे सरकवली आणि ते बाजूला झाले. तिनं पदर खोचला, गोळ्या काढल्या, कात्रीनं पट्टी कापली. “आजी, घरी नातू विचारील, काय दिलंन म्हणून...” आजी रंगात येऊन सांगू लागली. दारात तांडेल येऊन उभा राहिला होता. त्याला संगमेश्वरचं काही ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघून अभिमानानं मान डोलवत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी औषध निरीक्षक आले. नवे होते, तरुण, बदलून आलेले, माणूस सरळ. त्यांनी फ्रिजचं तापमान पाहिलं, मुदत संपलेल्या औषधांची पेटी पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले. चहा झाला. मग जाता जाता म्हणाले, “संगमेश्वरच्या एका दुकानाबद्दल कानावर येतंय. तिथल्या फार्मासिस्ट बाई तुमच्याच हाताखाली शिकल्या ना? बसतात का हो त्या दुकानात?”

मागच्या खोलीतून तांडेलाच्या बायकोचा खोकला ऐकू येत होता. काकांनी दोन्ही पंजे काउंटरवर पालथे ठेवले.

“बसते,” ते म्हणाले.

“झालं तर मग,” निरीक्षक म्हणाले. “तुम्ही सांगता म्हणजे प्रश्नच मिटला. नाहीतर मी उद्या तिकडे जाणारच होतो.”

ते पायऱ्या उतरून गेले. काका खोटं बोलले हे चूक होतं असं मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. त्या दुकानात औषध घेणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या एका शब्दानं वाऱ्यावर सोडलं होतं. पण त्या चुकीचं पत्रक कुणाविरुद्ध काढायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुनेच्या शिक्षणाची चौकट करून ती भिंतीला टांगणाऱ्यांविरुद्ध? की ज्या गावानं काकांची टिंगल केली आणि नाव लावलेल्या दुकानांत मुकाट्यानं रांगा लावल्या, त्या आम्हा सगळ्यांविरुद्ध? जिथे सगळेच नियम मोडतात तिथे नियम पाळणाऱ्या एकट्याला लोक वेडा म्हणतात, आणि तो एकदा मोडला तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. मला खंत याची वाटते, की काकांचा तो एक शब्द खोटा होता हे तेव्हा तिथे ओळखणारे ते आणि मी, असे आम्ही दोघंच होतो आणि त्यातल्या एकाला तो सहन झाला नाही.

काकूंना ते एकदाच म्हणाले, “मी तिला शिकवलं नसतं तर ती त्या लोकांना हवीशी झाली नसती.” काकूंनी ते मला पुष्कळ नंतर सांगितलं.

गणपतीनंतर काकांनी नवा माल मागवणं थांबवलं. कपाटं हळूहळू रिकामी होत गेली. बाजारातला एक व्यापारी येऊन म्हणाला, काका, थकलात, घरी बसा, दुकान मी चालवतो, तुमचं नाव तेवढं राहू द्या. काकांनी त्याला पायऱ्यांपर्यंत पोचवलं आणि ते आत आले. आठवड्याभरात ते स्वतः कचेरीत जाऊन लायसन्स परत करून आले. तांडेलाची बायको आता गोळ्या पलीकडच्या दुकानातून आणते. तिथे ‘हो’ म्हटलं की झालं.

काका कचेरीतून परतले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. लायसन्स परत करण्याचं कारण काय दिलंत, असं मी विचारलं. वय, तब्येत, असं काहीतरी सांगतील वाटलं.

“खरं तेच सांगितलं. दुकानात फार्मासिस्ट नाही.”

“पण तुम्ही आहात की, काका.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दाराला कुलूप घातलं.

“होतो,” ते म्हणाले.